डोपामिन, कार्लसन आणि स्किझोफ्रेनिया: कोल्हापुरातल्या घरांतून येणारे प्रश्न

मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते आणि माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे भास होणं, नसलेले आवाज ऐकू येणं, भलते संशय येणं असा मानसिक आजार. त्यामुळे गल्लीतल्या काकूंपासून विद्यार्थ्यांच्या आईबाबांपर्यंत बरेच जण गाठून, फोन करून विचारत असतात, आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. मी डॉक्टर नाही. डोस किती, गोळी कुठली, हे तुमच्या सायकियाट्रिस्टनाच विचारायचं. पण गोळी मेंदूत जाऊन नेमकं करते काय, हे घरच्यांना कळलं तर पेशंटकडे बघायची नजरच बदलते असं मला मनापासून वाटतं.

ताई, तुम्ही सारखं त्या कार्लसनचं नाव घेता, तो कोण?

आर्विद कार्लसन, स्वीडनचे न्यूरोसायंटिस्ट. जन्म १९२३, गेले २०१८ मध्ये, आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. १९५० च्या दशकात सगळे असंच धरून चालले होते की मेंदूतलं डोपामिन म्हणजे नॉरॲड्रेनॅलिन हे दुसरं रसायन तयार होताना मधे लागणारा कच्चा माल, त्याला स्वतःचं असं काही काम नाही. कार्लसननी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन नावाचं औषध दिलं, जे मेंदूतले अशा रसायनांचे साठे रिकामे करतं. ससे एका जागी बसून राहिले, कान पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले, ढकललं तरी हलायला तयार नाहीत. मग त्यांना एल-डोपाचं इंजेक्शन दिलं, ज्याचं मेंदूत डोपामिन होतं, आणि जेमतेम पंधरा मिनिटांत तेच ससे कान उभे करून इकडं तिकडं फिरायला लागले. मेंदू तपासला तर नॉरॲड्रेनॅलिन परत आलेलंच नव्हतं, मग हे घडवलं कुणी? त्यांनी डोपामिन मोजायची पद्धत बसवली आणि दाखवलं की भरून आलंय ते डोपामिन. म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात त्यातलं हे एक स्वतंत्र रसायन निघालं. तरी १९६० साली लंडनच्या परिषदेत मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्यांचं म्हणणं मान्य केलं नाही. पुढं पार्किन्सनच्या पेशंटना एल-डोपा द्यायला सुरुवात झाली ती याच कामावरून.

हे रेसरपिन म्हणजे आपली सर्पगंधा का?

हो, तीच! आपल्या सह्याद्रीतही सापडते ती वनस्पती. बिहारकडं तिला पागलपणाची दवाच म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं की वेडाच्या विकारात आणि ब्लडप्रेशरमध्ये तिचा उपयोग होतो. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ब्लडप्रेशरवरचा आपला अनुभव इंग्लंडच्या जर्नलमध्ये छापला, मग जगाचं लक्ष गेलं, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसरपिन वेगळं काढलं आणि ते कार्लसनच्या सशांपर्यंत पोचलं. याचा मला फार अभिमान वाटतो. पण अभिमान वेगळा आणि पावडर आणून घरी चारणं वेगळं. रेसरपिन मेंदूतले डोपामिन, सेरोटोनिन सगळेच साठे रिकामे करतं, बीपी खाली जातं, माणूस उदास होऊ शकतो. आता त्याहून नेमकी औषधं आहेत. तेव्हा सर्पगंधेचा प्रयोग घरात नको.

बरं, पण सशांचा आणि स्किझोफ्रेनियाचा संबंध कुठं आला?

इथंच खरी गंमत आहे, जरा सावकाश वाचा. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध पहिल्यांदा मानसिक आजाराच्या पेशंटना पद्धतशीर दिलं गेलं. वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं शांत झाली, बोलायला लागली. पण ते काम कसं करतं हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याचा परिणाम थोडाफार रेसरपिनसारखाच दिसायचा, म्हणून सगळ्यांना वाटलं तेही डोपामिन संपवत असणार. मोजलं तर डोपामिन होतं तेवढंच. मग १९६३ मध्ये कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांनी उंदरांना क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल देऊन बघितलं, तर डोपामिन तेवढंच पण ते वापरून झाल्यावर जो टाकाऊ पदार्थ उरतो तो वाढलेला. त्यांनी अर्थ असा लावला की औषध पुढच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला, अडवून बसतंय, निरोप पोचत नाही, म्हणून मागची पेशी आणखी जोरानं निरोप पाठवतेय. समोरचा फोन उचलत नाही म्हणून आपण परत परत रिंग देतो ना, तसं. एवढ्याशा टाकाऊ पदार्थाच्या मोजमापावरून ‘औषध रिसेप्टर अडवतं’ हे ओळखणं, तेही रिसेप्टर कुणी डोळ्यांनी बघितलेला नसताना, मला आजही वर्गात शिकवताना अंगावर काटा येतो.

नंतर १९७५-७६ च्या सुमारास टोरांटोच्या फिलिप सीमन यांनी आणि बाल्टिमोरच्या सॉलोमन स्नायडर यांच्या लॅबनं वेगवेगळं काम करून दाखवलं की जे औषध डोपामिनच्या डी-२ रिसेप्टरला जितकं घट्ट चिकटतं, तितका त्याचा डोस कमी लागतो. तुमच्याकडच्या चिठ्ठीवरही हे दिसेल. हॅलोपेरिडॉल पाच-दहा मिलिग्रॅम आणि क्लोरप्रोमाझिन काहीशे मिलिग्रॅम. आकडा मोठा म्हणजे ‘जड गोळी’ असं काही नसतं, लोक उगाच घाबरतात.

म्हणजे डोपामिन जास्त झालं की आवाज ऐकू येतात, एवढंच ना?

नाही, एवढं सोपं नाही. १९९६ पासून जिवंत माणसाच्या मेंदूचे स्कॅन करून बघितलंय की ॲम्फेटामिन हे डोपामिन सोडायला लावणारं औषध दिल्यावर स्किझोफ्रेनियाच्या पेशंटमध्ये निरोगी माणसापेक्षा जास्त डोपामिन सुटतं. पण त्यावरून आवाज का, संशय का, हे कळत नाही. २००३ मध्ये शितिज कपूर या भारतीय वंशाच्या सायकियाट्रिस्टनी जो विचार मांडला तो मला सगळ्यात पटलाय, कारण तो मी घरात बघितलाय.

डोपामिनचं एक काम म्हणजे ‘हे महत्त्वाचं आहे, इकडं लक्ष दे’ असा शिक्का मारणं. आपल्याला रस्त्यावरच्या शंभर गोष्टींतल्या दोनच लक्षात राहतात, बाकीच्या मेंदू सोडून देतो. डोपामिन भलत्या वेळी सुटायला लागलं की कुठल्याही फालतू गोष्टीवर तो शिक्का बसतो. माझा भाऊ दाभोळकर कॉर्नरला उभा राहून गाड्यांचे नंबर वहीत लिहायचा. एमएच ०९ च्या पुढचे आकडे, त्यांची बेरीज, बेरीज सात आली की शेजारी फुली. त्याच्या मते ते आमच्या घराबद्दलचे निरोप होते. आपल्याला तो मूर्खपणा वाटेल, पण त्याच्या मेंदूत प्रत्येक नंबरप्लेट ओरडून सांगत होती की माझ्याकडं बघ, आणि इतकं ओरडतंय म्हणजे काहीतरी कारण असणारच, ते कारण त्यानं आपल्या बुद्धीनं शोधून काढलं. चूक त्याच्या बुद्धीची नव्हती, चुकीच्या जागी शिक्का बसत होता. औषध सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर तो म्हणाला, “अगं ताई, नंबर अजून दिसतात, पण आता मनाला लागत नाहीत.” कपूर यांचा मुद्दा अगदी हाच आहे, की गोळी विचार खोडून काढत नाही, त्याची धार कमी करते आणि मग तो विचार हळूहळू मागं पडतो. म्हणून चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून डॉक्टर बदलू नका.

गोळ्यांनी आवाज थांबले पण पोरगा नुसता बसून असतो, बोलत नाही, अंघोळ नको म्हणतो. हा आळस का?

आळस नाही हो. आजाराचाच भाग आहे तो आणि डी-२ अडवणाऱ्या औषधांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. डोपामिनची गोष्ट अपुरी पडते ती इथंच. खुद्द कार्लसन पुढच्या काळात ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाकडं वळले. केटामाइनसारखी औषधं ग्लुटामेटचा एक रिसेप्टर बंद करतात आणि त्यानं निरोगी माणसातही भास आणि असं गप्प होऊन बसणं दोन्ही दिसतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी सी-४ नावाच्या जीनबद्दल दाखवलं की पौगंडावस्थेत मेंदू पेशींमधली नको असलेली जोडणी छाटतो ते काम काही जणांत गरजेपेक्षा जास्त होत असावं. हा आजार बहुतेकदा सतरा-अठरा ते पंचविशीच्या आसपासच का येतो, याचा थोडा उलगडा त्यातून होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत डोपामिन रिसेप्टर न अडवणारं, मस्करिनिक नावाच्या वेगळ्याच रिसेप्टरवर काम करणारं नवीन औषध मंजूर झालंय, झॅनोमेलिन-ट्रोस्पियम. इतक्या वर्षांनी वेगळ्या वाटेचं पहिलंच.

तोपर्यंत घरी काय करायचं, तर छोटी कामं ठरलेल्या वेळी. दूध आणणं, झाडांना पाणी. रोज तेच, न चिडता.

रक्तातलं डोपामिन तपासून घेऊ का? एमआरआय करू का?

डोपामिनच्या टेस्टवर पैसे घालवू नका. रक्तातलं डोपामिन मेंदूत जात नाही, मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये पडदा असतो, त्यामुळं रक्तातल्या आकड्यावरून मेंदूचं काही कळत नाही. एमआरआय, थायरॉइड वगैरे डॉक्टर सांगतात ते दुसरा काही आजार नाही ना हे बघायला. निदान होतं ते बोलून, घरच्यांकडून माहिती घेऊन आणि काही महिने लक्ष ठेवून.

आमच्याकडं म्हणतात करणी केलीय. देवऋषाकडं नेऊ का?

नरसोबाच्या वाडीला जावा, जोतिबाला जावा, अंबाबाईला ओटी भरा, आम्हीही जातो. मनाला आधार लागतोच आणि तो घेण्यात कमीपणा काही नाही. पण मारहाण, चटके, धूर देणं, उपाशी ठेवणं असलं काही कुणी करायला लागलं तर तिथून उठून यायचं, महाराष्ट्रात २०१३ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. आणि देवदर्शन चालू असताना गोळी बंद करायची नाही. आजार जितका जास्त दिवस उपचाराविना राहतो तितकं बरं होणं अवघड जातं, त्यामुळं ‘आधी हे करून बघू मग डॉक्टर’ हा क्रम महागात पडतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. हॅलोपेरिडॉलसारखं औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत कधी कधी मान एका बाजूला वळून अडकते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. बघणाऱ्याला वाटतं अंगात आलं. ते औषधाचं रिॲक्शन आहे, लगेच दवाखान्यात न्या, इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरतं. पण खूप ताप, अंग एकदम कडक आणि माणूस भ्रमल्यासारखा, हे तिन्ही एकत्र दिसले तर रात्र असो दिवस असो, सरळ कॅज्युअल्टी.

आईच्या वागण्यामुळं होतं का हे? आणि आनुवंशिक आहे का?

आईचा दोष नाही. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत असं बोललं जायचं, लाखो आयांनी ते विनाकारण सोसलं आणि ते टिकलं नाही. आनुवंशिकता आहे पण नशिबासारखी लिहिलेली नाही. सर्वसाधारण धोका शंभरात एकाच्या आसपास, आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात दहाच्या आसपास आणि जुळ्या, अगदी एकसारख्या भावंडांत एकाला असला तरी निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्याला होत नाही.

आता एकदम चांगला आहे. गोळी बंद केली तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच प्रश्नाची मला सगळ्यात भीती वाटते. चांगला आहे तो गोळी चालू आहे म्हणून. २०१२ मध्ये ६५ ट्रायल्स एकत्र करून लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापलेला हिशोब असा की वर्षभरात गोळी चालू असणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार उलटला आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांचा. आणि उलटतो तेही लगेच नाही. आठवडे, महिने छान जातात, घरचे म्हणतात बघा गोळीची गरजच नव्हती, आणि मग एक दिवस परत सुरू. कमी करायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. रोज गोळीवरून भांडण होत असेल तर महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं मिळतात, त्याबद्दल विचारा, आमच्या ओळखीत दोन घरांची भांडणं त्यानं मिटली.

गोळ्यांनी हात थरथरतात, वजन वाढलंय. हे सहन करायचं का?

सहन करत गप्प बसायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. कार्लसनचे ससे आठवा. डोपामिन हालचालीलाही लागतं, त्यामुळं ते जास्त अडवलं की माणूस पार्किन्सनच्या पेशंटसारखा कडक होतो. स्कॅनवरून साधारण असं दिसलंय की डी-२ रिसेप्टर ६५ टक्क्यांच्या आसपास अडले की गुण येतो आणि ८० च्या आसपास गेले की थरथर, कडकपणा सुरू होतो. म्हणजे मधली पट्टी अरुंद आहे आणि डोस थोडा इकडं तिकडं करून बऱ्याचदा जमतं. ओलान्झापिननं भूक आणि वजन वाढतं, साखर बघत राहा. रिस्पेरिडोननं बायकांची पाळी पुढं जाऊ शकते, लाजून लपवू नका.

दोन औषधं नीट, पुरेशा डोसनं देऊनही गुण नाही तर क्लोझापिन या औषधाबद्दल विचारा. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यानं पांढऱ्या पेशी कमी होऊन काही जण दगावले आणि औषध जवळजवळ बादच झालं होतं. १९८८ च्या अमेरिकन अभ्यासात, इतर औषधांना दाद न देणाऱ्या पेशंटपैकी ३० टक्क्यांना त्यानं गुण आला, जुन्या औषधानं फक्त ४ टक्क्यांना. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, ते मात्र चुकवायचं नाही.

पोरगा तालमीत जातो, ताकदीसाठी कवचबीजाची पावडर घेतो. चालेल का?

नको! कोल्हापुरात हे मुद्दाम सांगायला लागतं. कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी, आणि त्यात निसर्गतःच एल-डोपा असतं, तेच जे कार्लसननी सशांना टोचलं. एकीकडं डॉक्टर डोपामिन अडवायला गोळी देणार आणि दुसरीकडं आपण दुधातून डोपामिनचा माल पुरवणार, त्यानं आजार उसळू शकतो. व्यायाम जरूर करू दे, वजनासाठी चांगलाच. पण ताकदीची कुठलीही पावडर डॉक्टरांना डबा दाखवल्याशिवाय नको.

तंबाखू, विडी, गांजा?

गांजा पूर्ण बंद, यात तडजोड नाही. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या सुमारे ४५ हजार तरुणांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं, त्यात पन्नासहून जास्त वेळा गांजा-चरस ओढलेल्यांत स्किझोफ्रेनिया सहापट दिसला. १९८७ मध्ये छापलंय ते. विडी-सिगारेटचं वेगळंच आहे. धुरामुळं लिव्हर ओलान्झापिन आणि क्लोझापिन भराभर संपवतं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो, आणि विडी एकदम सोडली की तोच डोस जास्त होऊन माणूस गुंगीत जातो. म्हणून सोडताना डॉक्टरांना कल्पना द्या. मळून खायच्या तंबाखूनं असं होत नाही, कारण हे काम धुराचं आहे. तोंडाचा कॅन्सर आहेच, तेव्हा तिचीही भलामण करत नाही मी.

लग्न केलं की सुधारेल म्हणतात सगळे.

लग्न हे औषध नाही. नवीन घर, नवीन माणसं, जागरणं, आणि त्यात लपवण्यासाठी गोळ्या बंद, यानं आजार उलटायचा धोका वाढतो. आधी वर्ष-दोन वर्षं स्थिर राहू दे, मग समोरच्या घराला सगळं खरं सांगून ठरवा. सांगून झालेली आणि चांगली चाललेली लग्नं मी बघितलीत.

घरात त्याच्याशी वाद घालायचा का, की हो ला हो म्हणायचं?

दोन्ही नको. “मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय” एवढं पुरतं. ब्रिटनमधल्या जुन्या अभ्यासांत परत परत दिसलंय की ज्या घरात टोमणे, टीका जास्त, तिथं आजार लवकर उलटतो, आणि चंदीगडला तेच मोजलं तर आपल्याकडच्या घरांत असा जाच तिकडच्या मानानं कमी आढळला. आपली ही जमेची बाजू आहे, ती घालवू नका. जेवताना ‘शेजारचा बघ कुठं पोचला’ हे वाक्य तेवढं बंद करा.

सुरुवात कुठून करायची?

सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, ओपीडीत किंवा जवळच्या कुठल्याही सायकियाट्रिस्टकडं. पेशंट यायला तयार नसेल तर आधी घरच्यांनी एकट्यानं जाऊन बोलून यायचं. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर १४४१६, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आणि मोफत, मराठीत बोलतात. भरती करायची वेळ आली आणि इथं जमलं नाही तर रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं तर दाखला आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळतं, त्यासाठी पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्ड एका फाइलला तारखेनुसार लावून ठेवा, झेरॉक्स वेगळी.